नवी रॅम घातली की जुनं मशीन गप्प, आणि कंपनीनं बदलून दिलेलीही चालेना: आधी चिपा मोजा

तुळशीचं लग्न झालं की पत्रिका छापणाऱ्यांची धांदल सुरू होते, आणि त्यांची मशीनंही नेमकी तेव्हाच रुसतात. निपाणीचे एक डीटीपीवाले परवा सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात आले. काउंटरवर ठेवता ठेवताच म्हणाले, "ओ दादा, रॅम बदलून आली, घातली, आन् मशीन गपगार. पंखा फिरतोय, लाइट लागतीया, पर पडदा काळा तो काळाच."

मशीन कोअर टू डुओ ई७५००, बोर्ड जी४१ चिपसेटचा. तुम्ही म्हणाल, असलं जुनाट फेकून नवं का घेत नाहीत? त्यांच्या मशीनच्या मागे पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला मराठी फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते पॅकेज उघडतच नाही अशी डबी, लटकलेलं आहे. पेजमेकर ७ मध्ये पंधरा वर्षांच्या पत्रिका साठवलेल्या आहेत, आणि पत्रिकेच्या दुसऱ्या बाजूचा कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्या बोर्डाला तो पोर्टच नसतो. सीमाभागातल्या कितीतरी छापखान्यांत हीच गत आहे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत एखाद्या जुन्या लेथला जोडलेल्या कॉम्प्युटरचीही हीच. म्हणून ही मशीनं जगवावी लागतात, आणि जगवायची म्हटली की रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड यांची जुळवाजुळव आलीच.

या गृहस्थांची मूळ ४ जीबीची डीडीआर३ स्टिक मेली होती. मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्राममध्ये लाल ओळींची रांग लागत होती, त्यात शंका नव्हती. स्टिकला लाइफटाइम वॉरंटी. पाठवली, पंचवीस-सव्वीस दिवसांनी बदलून आली. तीच ४ जीबी, तोच १३३३ चा वेग, तीच कंपनी, सीलबंद पॅकेट. आणि चालेना.

मी पॅकेटातली स्टिक ट्यूबलाइटखाली धरून बोटानं एकेक चिप मोजायला लागलो. ते बघत राहिले. मी म्हटलं, "चिपा मोजूलोय." एका बाजूला आठ. उलटी केली, मागची बाजू कोरी. निदान तिथंच झालं.

हिशेब असा आहे. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. आठ चिपांत ते वाटले तर प्रत्येक चिपेच्या वाट्याला ४ गिगाबिट येतात, सोळा चिपांत वाटले तर २ गिगाबिट. जी४१ चा मेमरी कंट्रोलर बनला तेव्हाच्या हिशेबानं तो चिपेमागे २ गिगाबिटपर्यंतच ओळखतो. त्यापुढची चिप त्याला वाचताच येत नाही. बहुतेक वेळा डिस्प्लेच येत नाही, कधीमधी मशीन चालू होतं पण ४ च्या जागी २ जीबीच दाखवतं. म्हणून या बोर्डावर ४ जीबीची स्टिक चालते, पण सोळा चिपांचीच, दोन्ही बाजूंना आठ-आठ. दोन स्लॉटांत मिळून ८ जीबी ही त्याची कमाल मर्यादा.

चिपा मोजायच्या नसतील, किंवा वर पत्र्याचं कव्हर असेल, तर लेबल वाचा. '२आरएक्स८' असं असेल तर सोळा चिपा, '१आरएक्स८' असेल तर आठ. मशीन जुन्या स्टिकवर चालू असेल तर सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये एसपीडीच्या पानावर तिची रँक ड्युएल (सोळा चिपा) आहे की सिंगल (आठ) तेही दिसतं. लेबलावर पुढे 'पीसी३-१०६००यू' असं काहीतरी असतं. १०६०० म्हणजे १३३३ चा वेग, १२८०० म्हणजे १६००, आणि शेवटचं अक्षर फार महत्त्वाचं: 'यू' साध्या डेस्कटॉपची, 'एस' लॅपटॉपची, 'आर' सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेल्या 'आर'च्या स्टिका ऑनलाइन कवडीमोलानं मिळतात, साध्या बोर्डाच्या स्लॉटात अगदी नीट बसतात, आणि कधीच चालत नाहीत. आठवड्याला एक तरी माणूस ती घेऊन येतो.

अजून एक खोडसाळ प्रकार आहे. सोळा चिपा आहेत, लेबल स्वच्छ आहे, तरी इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. त्या स्टिका एक्स४, म्हणजे एका वेळी चारच बिट देणाऱ्या, चिपांच्या असतात आणि फक्त काही एएमडी बोर्डांवर चालतात. विकणारा कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ओन्ली फॉर एएमडी' लिहून मोकळा झालेला असतो. बाजारभावापेक्षा निम्म्यात ४ जीबी मिळत असेल तर आधी तो कोपरा वाचा.

मग स्टिक मेलेली आहे की जुळत नाही, हे कसं ठरवायचं

हा फरक नीट ठरवला नाही तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून इथं घाई करू नका.

मशीन बंद, केबल काढलेली, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला करंट उतरवलेला. दोन्ही स्टिका काढा. सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलकेच घासा, सॅंडपेपर किंवा ब्लेड नको. खानापूर, जांबोटीकडून पावसाळ्यात येणारी निम्मी 'मेलेली' मशीनं एवढ्यावरच उठतात, तिकडची दमट हवा त्या दातांना खाते. स्लॉटात ब्रशनं फुंकर मारत धूळ काढा. मग एकटी जुनी, चालती स्टिक घालून मशीन लावा. चालू झालं तर बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांच्यावरचा संशय गेला. आता एकटी नवी, आधी एका स्लॉटात, मग दुसऱ्यात. नाही आली तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं थांबा म्हणजे जुनं सेटिंग पुसलं जाईल, सेल परत घाला आणि पुन्हा एकदा बघा. सेल जुना असेल तर त्याच फेऱ्यात बदलून टाका, तीस-चाळीस रुपयांसाठी परत मशीन उघडायचं कशाला?

आणि आता खरी परीक्षा. तीच नवी स्टिक दुसऱ्या, थोड्या अलीकडच्या बोर्डावर लावा. शेजारच्या दुकानात, भाच्याच्या मशीनवर, कुठंही. एच६१ किंवा एच८१ चा बोर्ड सापडला तर उत्तम. तिथं चालली, मेमटेस्टची एक पूर्ण फेरी निर्धोक झाली, म्हणजे स्टिक ठणठणीत आहे आणि तुमच्या बोर्डाशी तिचं जमत नाही. तिथंही नाही चालली, आणि ती 'आर'ची किंवा 'ओन्ली फॉर एएमडी'वाली नसेल, तर ती मेलेली.

पहिल्यांदा हा घोळ माझ्या वाट्याला आला तेव्हा मी ही परीक्षा केली नव्हती. स्टिक सीलबंद आहे म्हणजे दोष बोर्डाचाच, असं धरून एका चांगल्या बोर्डाला मी भंगारात काढलं. गिऱ्हाईक भला माणूस होता, काही बोलला नाही. त्या दिवसापासून काउंटरखाली एक एच६१ चा उघडा बोर्ड कायमचा मांडून ठेवला आहे, फक्त स्टिका तपासायला.

कंपनी बदलून का देत नाही, आणि दिली तर चुकीची का देते

वॉरंटी असते ती मालातल्या दोषावर. न जुळणं हा कंपनीच्या लेखी दोष नव्हे. तुमची स्टिक त्यांच्या टेबलावरच्या नव्या बोर्डावर लावतात, ती चालते, आणि 'नो फॉल्ट फाउंड' अशी चिठ्ठी लावून तीच स्टिक परत पाठवतात. कुरिअरचा एका बाजूचा खर्च तुमचाच, वर तीन आठवडे गेले. सर्व्हिस सेंटरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही, त्याच्या कागदात 'चालते' आणि 'चालत नाही' एवढ्या दोनच चौकटी आहेत.

खरोखर कंपनीची चूक असते तेव्हा गोष्ट वेगळी. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं स्वतः जाहीर केलं की ६ सिरीज चिपसेटच्या ३ गिगाबिटच्या साटा पोर्टांत, म्हणजे हार्डडिस्क जोडायच्या जागांत, दोष आहे, ते पोर्ट काळानुसार ढिले पडत जाणार. बोर्ड कंपन्यांनी ते परत घेतले, 'बी३' स्टेपिंगचे सुधारलेले बोर्ड दिले, आणि दुरुस्ती-बदलीचा खर्च इंटेलनं ७० कोटी डॉलरच्या घरात धरला होता. त्याला दोष म्हणतात. जी४१ ला आठ चिपांची स्टिक वाचता येत नाही, हा दोष नाही, वयाचा फरक आहे.

आता निपाणीच्या गृहस्थांची अडचण याहून चमत्कारिक. त्यांची स्टिक खरंच मेली होती, कंपनीनं खरंच बदलून दिली. पण बहुतेक वॉरंटी कार्डांवर 'तोच किंवा समतुल्य माल, नवा किंवा रिफर्बिश्ड' असं लिहिलेलं असतं. कंपनीला समतुल्य म्हणजे तेवढीच जीबी आणि तेवढाच वेग. सोळा चिपांचा माल बनणं थांबलं, गोदामात आठ चिपांचा आहे, तो दिला. त्यांच्या बाजूनं हिशेब पूर्ण. बोर्डाच्या बाजूनं ती स्टिक वेगळीच आहे. मला यात कंपनीची लबाडी दिसत नाही, पण निष्काळजीपणा नक्की दिसतो. मूळ पार्ट नंबर त्यांच्याकडे असतोच, तो उघडून बघायला कुणाला एक मिनिट लागेल?

उपाय आधी करायचा असतो. स्टिक पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबल वाचता येईल असे. आरएमएच्या, म्हणजे माल बदलून मागायच्या, अर्जात शेरा लिहायची जागा असते, ती बहुतेक लोक रिकामी सोडतात. तिथं लिहा: मूळ माल २आरएक्स८, १६ चिप, जी४१ बोर्डासाठी, तसाच माल नसेल तर पाठवण्यापूर्वी कळवावं, नाहीतर क्रेडिट नोट द्यावी. जॉबशीटवरही तेच लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत मागा. एवढं केलेल्या दोन गिऱ्हाइकांना आधी फोन आला, एकाला सोळा चिपांची मिळाली, एकाला क्रेडिट. न लिहिलेल्यांना जे यायचं ते येतं. चुकीची येऊन पडलीच असेल तर पॅकेट फोडू नका. पारदर्शक प्लॅस्टिकमधून चिपा दिसतात, तिथंच मोजा आणि त्याच दिवशी मेल करा. अनुक्रमांकाचं स्टिकर मात्र खरवडू नका, कव्हरचा पत्राही उचकटू नका, त्यावर वॉरंटी संपते.

बदलून आलेल्या मालाला नवी वॉरंटी मिळते असा एक समज आहे. साधारणपणे जुन्याची उरलेलीच चालू राहते. आणि 'लाइफटाइम' म्हणजे तुमची हयात नव्हे. त्याचा अर्थ कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेला असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो.

आपल्या भागाची एक खास डोकेदुखी पिनकोडची. टोल फ्री नंबरवर पहिला प्रश्न पिनकोडचा. बेळगाव ५९०, निपाणी-खानापूर ५९१, म्हणजे कर्नाटक, म्हणजे तुमचं प्रकरण हुबळीकडे किंवा थेट बेंगळुरूला. चंदगडचा माणूस खरेदी करतो बेळगावात, पण त्याचा पिनकोड ४१६, की त्याला कोल्हापूर किंवा पुणं. उलट कोल्हापुरात घेतलेली वस्तू निपाणीकरानं कोल्हापुरातच नेऊन दिली तर काम लवकर होतं, कारण ते जवळही पडतं आणि डीलर ओळखीचा असतो. म्हणून तक्रार नोंदवताना वस्तू कुठं जमा करायची तो पत्ता आधी विचारा, सोयीचं केंद्र सांगून ते बदलून घ्या. पुष्कळदा बदलून देतात, फक्त कुणी विचारत नाही.

दुकानदाराचं काय

न जुळणाऱ्या मालाची जबाबदारी कंपनीची नसली तरी विकणाऱ्याची असू शकते. 'तुमच्या बोर्डाला चालेल' असं सांगून त्यानं दिलं असेल तर ते बिलावर लिहून घ्या: 'जी४१ बोर्डासाठी, न चालल्यास सात दिवसांत बदलून'. मी स्वतः दुकानदार आहे आणि हे लिहून देतो. लिहून द्यायला जो कचरतो त्याला स्वतःलाच खात्री नाही, असं समजा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणं, आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. ऑनलाइन खरेदीत जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. म्हणून 'सर्व बोर्डांना चालते' असं लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या वेळीच काढा, नंतर ते पान बदललेलं असतं. पण तुम्हीच न बघता १आरएक्स८ मागवली आणि पानावर १आरएक्स८ असंच लिहिलं होतं, तर विक्रेत्याला दोष देता येणार नाही.

पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५. तेवढ्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. वस्तू बेंगळुरूची असो की मुंबईची, खटल्यासाठी तिकडं जावं लागत नाही. अर्थात हजार रुपयांच्या स्टिकसाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही, पण हे माहीत असलेल्या माणसाशी दुकानदार जरा वेगळ्या सुरात बोलतो.

रॅम सोडून येणारे इतर घोळ, थोडक्यात

लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच, खाचही त्याच जागी. एक १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३वाल्या इंटेल लॅपटॉपला 'एल'च लागते, साधी घातली तर मशीन उठत नाही. लेबलावर 'पीसी३एल' शोधा. १६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक जुन्या पिढीच्या मशीनसाठी घेऊ नका, ती पाचव्या पिढीच्या आधीच्या इंटेलवर चालत नाही, आणि फार महाग पडते.

एसएसडी हा जुन्या मशीनवर सगळ्यात कमी त्रासाचा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा खर्च, पण अडीच इंची साटा घ्या. जी४१ वर ती तिच्या पूर्ण वेगानं धावणार नाही, पोर्टच ३ गिगाबिटचा आहे, तरी हार्डडिस्कच्या मानानं मशीन उडतं. एनव्हीएमई, म्हणजे नव्या धाटणीची जास्त वेगवान एसएसडी, लोकांना फार भुरळ घालते. अडॅप्टर कार्डावर लावून जुन्या बोर्डात घातली की विंडोजला ती दिसते, म्हणजे वाटतं जमलं, पण तिच्यावरून बूट होत नाही, कारण बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, एनव्हीएमई काय ते ठाऊकच नाही. २०१५-१६ च्या काही लॅपटॉपांत चपट्या एसएसडीसाठी एम.२ चा स्लॉट असतो, तोही फक्त साटाचा. दोन खाचांची ती बहुधा साटा, एका खाचेची ती बहुधा एनव्हीएमई. 'बहुधा' म्हटलंय, तेव्हा पॅकेटही वाचा.

ग्राफिक कार्डाचं दुखणं दोन ठिकाणी असतं. स्लॉट ७५ वॉटपर्यंतच वीज देतो, त्यापुढं एसएमपीएसची वेगळी पिन लागते, आणि ब्रँडेड कंपन्यांच्या छोट्या मशीनांत एसएमपीएस बदलताही येत नाही कारण बोर्डावरचा प्लगच त्यांचा स्वतःचा असतो. शिवाय काही नव्या कार्डांना जुना बायोस चालत नाही, यूईएफआय, म्हणजे त्याचा नवा अवतार, लागतं.

एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये मी नवं वायफाय कार्ड घातलं, तर चालू होताच 'अनधिकृत नेटवर्क कार्ड' अशी ओळ आली आणि तो पुढं सरकेचना. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये कंपनीनं मान्य केलेल्या कार्डांची यादीच भरलेली असते. त्यावर सर्वात स्वस्त उपाय यूएसबीचं वायफाय.

आणि रॅम वाढवली म्हणजे विंडोज ११ चालेल का, हा प्रश्न रोज असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून तर फारच. नाही. तिथं अडतं ते टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि प्रोसेसरच्या पिढीवर, इंटेल असेल तर आठवीपासून पुढं. रॅम कितीही घाला.

निपाणीकरांना मी माझ्याकडची जुनी सोळा चिपांची स्टिक दिली, घासून, मेमटेस्ट लावून, बिलावर 'जी४१, १६ चिप, ३० दिवस' असं लिहून. त्यांची आठ चिपांची त्याच एच६१ वर चढवली, तासभर चालवली, आणि हिशेबात वळती करून घेतली. चार वाजता मशीन परत चादरीत गुंडाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला, पत्रिकेतली कन्नड अक्षरं चौकोन होऊन छापली जात होती. म्हटलं, ते रॅममुळं नाही, नुडीचा फॉन्ट परत इन्स्टॉल करा.